शेजारची सीट

गाडी अंगणात येऊन थांबली तेव्हा सूनबाईच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "आली का माझी सवत?" नवरा हसला. त्याला ते अपेक्षितच असावं, कारण गेले काही महिने दर रविवारी तो गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन या सवतीचा शृंगार बघून येत होता, आणि घरी परतला की त्याच्या कपड्यांना रंगाचा वास आणि चेहऱ्यावर शाळा बुडवलेल्या मुलाचा आनंद असायचा. 'सूनबाई' हे नाव सासूबाईंच्या तोंडी बसलं म्हणून सगळ्यांच्याच तोंडी बसलं होतं. एरवी ती चव्वेचाळीस वर्षांची, कपाळावर एक पांढरी बट बाळगणारी, आणि घराच्या मागच्या खोलीत दंतवैद्यांसाठी कृत्रिम दात बनवणारी बाई होती. दिवसभर प्लास्टरमध्ये हात घालून बसायचं, पेशंटच्या जबड्याची मापं ओतून साचे काढायचे, त्यांवर कॅपा आणि कवळ्या घडवायच्या, हा तिचा धंदा. जेवायला बसली तरी तिच्या नखांत पांढरं राहायचं आणि नवरा म्हणायचा, "आधी तुझे भुताचे हात धुऊन ये."

गाडी शेवाळी हिरव्या रंगाची होती. ठेंगणी, लांब नाकाची, उघडी, आणि सीटा दोनच. एके काळी अशा गाड्या हौशी लोक चालवत. ही मात्र नक्कल होती आणि नवरा ते कोणापासून लपवत नसे. अंग फायबरचं, साच्यातून काढलेलं. इंजिन कुठल्याही टॅक्सीत सापडेल असं. समोरची लाकडी पट्टी नवी कोरी, पॉलिशची चमकही अजून न मावळलेली. गाडी बांधणारा माणूस मोठा गप्पिष्ट होता. किल्ली देताना तो म्हणाला होता, "साहेब, आईबापानं जन्म दिलेली गाडी आणि ही, शेजारी शेजारी उभ्या केल्या तर मलासुद्धा ओळखू येणार नाहीत. फक्त खालून बघू नका."

या हौसेमागे कारण होतं. नवऱ्याच्या वडिलांकडे अगदी अशीच गाडी होती, आणि ती अस्सल होती. सासरे रेडिओ दुरुस्त करायचे. कुणाच्या तरी गोदामात मोडून पडलेली गाडी त्यांनी दोन वर्षं खपून चालती केली आणि मग रोज तिच्यातूनच दुकानात जाऊ लागले. नवरा सात वर्षांचा असताना एका सकाळी ते फेरी मारायला म्हणून बाहेर पडले आणि परत आले नाहीत. माणूसही नाही आणि गाडीही नाही. तळं ढवळून झालं, पोलीस झाले, ज्योतिषी झाले, नातेवाईक बोलून बोलून थकले. सासूबाईंनी शिवणकाम करून पोराला वाढवलं आणि त्या विषयावर तोंडाला जे कुलूप लावलं ते कधी काढलं नाही. गेल्या वर्षी त्या न्हाणीघरात पडल्या. मोडलेलं हाड जुळलं, पण बाई उठेनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या, दोन घास खाल्ले तर खाल्ले. डॉक्टर म्हणाले, पाय बरा आहे, आता उठायची इच्छा तुम्ही कुठून तरी पैदा करा. नवऱ्याने मग एका जुन्या फोटोवरून ही गाडी बांधायला टाकली.

आणि खरं सांगायचं तर त्याचा बाण बरोबर बसला. हॉर्नचा आवाज ऐकला तशा सासूबाई खिडकीशी आल्या, मग काठी शोधून स्वतःच्या पायांनी अंगणात आल्या. गाडीभोवती त्यांनी सावकाश एक चक्कर मारली, मागच्या चाकावरच्या फुगीर पत्र्यावरून, म्हणजे फायबरवरून, हात फिरवला. "हिचं दार आतून उघडायचं नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर हात घालून उघडायला लागायचं."

"हिचं उघडतं आई. ही नवी आहे."

त्या सीटवर बसल्या. आधी बूड टेकवायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचे, ही त्या गाडीत शिरायची रीत सूनबाईला पुढे कितीतरी दिवस नीट जमली नव्हती. सासूबाईंना ती जणू कालच सोडल्यासारखी जमली. मग त्यांनी डावा पाय उचलून उजव्या पायावर ठेवला.

"खाली तापतं," त्या म्हणाल्या.

"ही नाही तापत आई."

"बरं," सासूबाई म्हणाल्या, पण पाय काही खाली ठेवला नाही.

त्या दिवसापासून घराचं वेळापत्रकच बदललं. सकाळी नवरा आईला शेजारी बसवून तळ्यापर्यंत एक फेरी मारून आणायचा आणि मग तीच गाडी घेऊन पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात जायचा, जिथे तो जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढत असे. असल्या गाडीने असल्या नोकरीला जाणं म्हणजे घोड्यावर बसून दळण आणण्यासारखंच होतं. कार्यालयातले तिला 'साहेबांची बाबागाडी' म्हणत. रस्त्यातल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं, कापडी टप पावसात नेमका त्याच्या मानेवर गळायचा, ट्रकच्या शेजारी थांबलं की समोर फक्त चाक दिसायचं, आणि पेट्रोल भरणारा प्रत्येक माणूस कितीला पडली हे विचारल्याशिवाय नळी काढायचा नाही. भाजी आणायची तर पिशवी मांडीवर, आणि पिशवी मांडीवर घ्यायला बायको शेजारी. म्हणजे भाजीच्या दिवशी सूनबाईला सीट मिळायची. नव्याचे नऊ दिवस संपले तरी नवऱ्याची हौस फिटली नाही, आणि सासूबाई तर दिवसेंदिवस तरुणच होत चालल्या. जेवण वाढलं. केस विंचरायला आरसा मागू लागल्या. वाऱ्याने केस उडतात म्हणून रुमाल मागू लागल्या. एकदा तर सूनबाईने त्यांना स्वयंपाकघरात गुणगुणताना ऐकलं आणि ती दाराबाहेरच थांबून राहिली, आत गेलं तर त्या थांबतील म्हणून.

"तुला नाही ना वाईट वाटत?" नवऱ्याने एकदा विचारलं होतं. "घरात माणसं तीन आणि सीटा दोन."

"सवतीचं सुख बघवतं का कोणाला?" ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

"मी लहानपणी असाच मागे राहायचो," तो म्हणाला. "बाबा निघाले की गाडीमागे धावायचो फाटकातून. म्हणून आई माझं बोट घट्ट धरून ठेवायची. इतकं घट्ट, की अजून कधी कधी दुखतं." त्याने बोट पुढे केलं. तिने ते दाबून दिलं.

तो हसला की तिची नजर नकळत त्याच्या वरच्या दातावर जायची. त्यांची ओळखच त्या दातामुळे झाली होती. तरुणपणी क्रिकेट खेळताना त्याचा समोरचा दात तुटला होता. दंतवैद्याने तिच्याकडे माप पाठवलं, आणि रंग जुळेना म्हणून पेशंटलाच बोलावून घेतलं. ती कॅप तिने जीव ओतून घडवली. फार पांढरी, फार गुळगुळीत केली की कॅप ओळखू येते. शेजारच्या दातांवर आहेत तसलेच बारीक डाग आणि रेषा तिच्यावरही घालाव्या लागतात. त्या रेषा तिने त्याच्या तोंडासमोर बसून काढल्या होत्या, आणि कॅप बसली तोवर लग्नही जवळपास ठरलं होतं. हिरडीजवळ कॅपेचा सांधा होता. एरवी कोणाला दिसला नसता, तिला दिसायचा. नवऱ्याच्या हसण्यातला एक दात आपला आहे, याचं तिला अजूनही मनातल्या मनात कौतुक वाटे.

आधी दाराची आतली कडी गेली. त्यात विशेष काही नव्हतं. नव्या गाडीचं काहीतरी जातंच. गाडी बांधणाऱ्याने ती बदलून दिली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा नवरा म्हणाला, राहू दे, बाहेर हात घालून उघडतं की. सासूबाई तर पहिल्या दिवसापासून तसंच उघडत होत्या.

मग एका भाजीच्या दिवशी सूनबाईचा पाय भाजला. भाजला म्हणजे फोड आला नाही, पण चपलेच्या तळातून ऊब वर आली आणि बघता बघता इतकी वाढली की तिने पाय उचलून दुसऱ्या पायावर ठेवला, आणि ठेवल्यावर तिला आठवलं की असा पाय ठेवताना तिने कोणाला पाहिलं आहे. नवरा दुसऱ्या दिवशी गाडी शेडवर घेऊन गेला. ती मुद्दाम बरोबर गेली. गाडी वर उचलून त्या गप्पिष्ट माणसाने खाली डोकं घातलं, हात फिरवला, आणि बाहेर आला तो डोकं खाजवत.

"वहिनी, धुराची नळी त्या बाजूला आहे. या बाजूला काही नाहीच. तापणार काय?"

"जुन्या गाडीत कुठल्या बाजूला असायची?" तिने विचारलं.

"जुनीत? जुनीत याच बाजूला," तो म्हणाला. "म्हणून तर मी बदलली. बायकांचे पाय भाजायचे."

 नवरा हल्ली गाडी चालवताना कमीच बोलायचा. पूर्वी तो दोन्ही हातांनी चाक पकडून, परीक्षेला बसल्यासारखा गाडी चालवायचा. आता त्याचा एक हात दारावर असे आणि बोटं बाहेरच्या पत्र्यावर ताल धरून असत. तिला ते आवडलं होतं, हेही खरंच. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा नव्याने देखणा वाटायला लागला तर तक्रार कोण करतं?

मग एकदा तिला समोरच्या लाकडी पट्टीवर ओरखडा दिसला. ती भाजीची पिशवी सावरत होती आणि पट्टीच्या खालच्या कडेला, सहज दिसणार नाही अशा जागी, किल्लीने ओढल्यासारख्या दोन वेड्यावाकड्या रेघा होत्या, लाटांसारख्या, आणि त्यांवर एक त्रिकोण.

"हे कोणी केलं?"

"मीच," नवरा म्हणाला. "होडी आहे ती. बाबांनी कान पिळला होता त्यासाठी."

हे तो इतक्या सहज बोलला की घर येईपर्यंत तिला त्यातलं काही खटकलं नाही. फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा दोघांनीही एकदमच त्या पट्टीकडे पाहिलं, आणि मग एकमेकांकडे. त्याचा चेहरा उतरला होता. "मी कोणाला सांगितलं नव्हतं गं," तो हळूच म्हणाला. "फोटोत ती दिसतसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी तो अंघोळीला गेलेला असताना तिने आपलं भिंग नेऊन तो ओरखडा पाहिला. तिच्या मनात आलं होतं ते असं, की आईसाठी, आईचं मन राखायला, यानेच हे गुपचूप कोरलं असेल. झोपेत कोरलं असेल, नाहीतर कोरून विसरला असेल. माणसाचं मन काय करील याचा नेम नाही. ते खरं ठरलं असतं तर तिचा जीव भांड्यात पडला असता. खोटी भेग कशी दिसते हे तिला माहीत होतं. आयुष्यभर तिने दातांवर तसल्या भेगाच रंगवल्या होत्या. नव्या ओरखड्याच्या कडा टोकदार असतात आणि आत कोरं लाकूड दिसतं. या ओरखड्याच्या कडा झिजून मऊ झाल्या होत्या, आत मळ मुरला होता, मळावर पॉलिश होतं आणि त्या पॉलिशवर पुन्हा मळ. तिने भिंग पुसून परत पाहिलं. मग ते खिशात टाकून ती आत गेली आणि तिने चहा टाकला.

चहा पिताना ती म्हणाली, "आपण ही गाडी विकून टाकू या."

नवरा काही बोलण्याआधी सासूबाईंनी कप खाली ठेवला. त्या दोघांकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, राग नव्हता. पाहुणे उठायला लागले की घरातल्या लहान मुलीचा होतो तसा तो चेहरा झाला होता. या बाईंना भिंतीकडे तोंड करून पडलेलं तिने सहा महिने पाहिलं होतं. सासू म्हणून त्यांनी कधी टोचून बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. कॅपांचं काम सुरू करायला पहिली भट्टी घेतली ती त्यांच्या बांगडीतून. सूनबाईने रिकामे कप उचलले, आणि गाडी विकायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

नवरा मात्र उशिरा येऊ लागला. फार नाही, थोडासा. विचारलं की म्हणायचा, "रस्ता तोच, फक्त तळ्याकडून आलो." तळ्यापाशी एक फाटा होता. उजवीकडचा रस्ता गावात यायचा. डावीकडचा झाडांत शिरायचा आणि पुढे कुठे जातो ते नवऱ्याला ठाऊक असायला हवं होतं, कारण त्या भागातल्या नळांचे नकाशे त्यानेच काढले होते. एकदा तो पानावर बसल्या बसल्या म्हणाला, "त्या फाट्याशी गाडी डावीकडे ओढते. चाकं तपासून घेतली, सरळ आहेत. मी धरून ठेवतो म्हणून बरं."

"आणि सोडलंस तर?"

तो हसला. "बघायला पाहिजे एकदा."

त्याच्या हसण्याकडे तिने पाहिलं, सवयीने, आणि पाहतच राहिली. खिडकीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर पडलं होतं. "आ कर," ती म्हणाली. त्याने मुकाट्याने आ केला. दातवालीशी लग्न केलेल्या माणसाला ही सवय असते. तिने अंगठ्याने त्याचा ओठ वर उचलला. सांधा नव्हता. हिरडीतून दात खाली आला होता, तसा, सबंध, शेजारच्या दातासारखा. नखाने तिने हिरडीची कड चाचपली. तिथे तिचं काही उरलं नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "छान बसलाय."

ती रडली नाही, पण त्या दिवशी तिच्या हातून एक कॅप भाजताना तडकली, जे वर्षानुवर्षांत झालं नव्हतं. तिला राहून राहून वाटत होतं की आपण घरातल्या घरात काहीतरी हरवतो आहोत आणि हरवताना हसतोही आहोत. नवरा तिचाच होता. तसाच मायाळू, उलट आधीपेक्षा जास्तच. झोपेत तिचा हात धरायचा. पण जो माणूस एका सकाळी फेरी मारायला जाऊन परत आला नाही, तोही मायाळूच होता, असं सगळे सांगत.

शेवटी एका दुपारी, पायरीवरच्या उन्हात सासूबाईंची नखं कापताना, तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिने हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"आई, त्या दिवशी झालं काय होतं?"

सासूबाईंनी हात काढून घेतला नाही. 

"सकाळ होती," त्या म्हणाल्या. "त्यांनी दारातून विचारलं, येतेस का, फेरी मारून येऊ. मी म्हटलं, थांबा, दूध वर येतंय. दूध उतरवून बाहेर आले तर गाडी फाटकाबाहेर. हा धावायला निघाला, त्याचं बोट धरलं."

"मग?"

"वळणावर गाडी हळू झाली. हळू करावीच लागते तिथे." त्यांनी पुढचं बोट कात्रीखाली धरलं. "शेजारी कोणीतरी बसलं होतं."

सूनबाईची कात्री थांबली.

"बाई होती. पाठमोरी. तिने हात बाहेर काढून हलवला. पांढरा हात. मनगटापर्यंत हातमोजा घातलेला."

"कोण होती?"

"मला काय माहीत? आमच्यात कोण हातमोजे घालतंय? मी पोलिसांना सांगितलं नाही. कोणालाच नाही. लोक म्हणत होतेच, बाईच्या नादाला लागून गेला म्हणून. त्यात मी कशाला तेल ओतू?" त्यांनी दुसरा हात पुढे केला, नखं कापायला. "पुष्कळ वर्षं शिव्या घातल्या मी तिला. बाजारात कोणी पांढरे हातमोजे घातलेली बाई दिसली की अंगाचा तिळपापड व्हायचा. मग म्हातारी झाले, आणि वाटायला लागलं, एकटे तर नव्हते गेले. कोणीतरी होतं शेजारी. आणि खरं सांगू? हात तिने माझ्याकडे हलवला होता गं. चिडवायला नाही. घरच्या माणसाला दाखवतात ना, काळजी करू नको म्हणून, तसा."

सूनबाईने उरलेली नखं कापली, गोळा केली, आणि सासूबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून थोडा वेळ तशीच बसून राहिली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी ती मागच्या खोलीत बसली होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांची वरखाली दोन्ही कवळ्यांची मापं आली होती आणि ती ओतायला तिने मोठ्या रबरी वाडग्यात प्लास्टर कालवलं होतं. एकदा पाणी पडलं की प्लास्टर कोणासाठी थांबत नाही. ते घट्ट व्हायच्या आत माप भरलं पाहिजे. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नव्हता, म्हणजे आई अजून तयार होत असतील, असं तिने धरलं. तेवढ्यात दारात नवरा उभा राहिला. बाह्या दुमडलेल्या, केस मागे सारलेले. मागून उजेड असल्यामुळे त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"येतेस का?" तो म्हणाला. "फेरी मारून येऊ."

"आई?"

"आई म्हणतात, आज सूनबाईला ने."

तो आपल्या आईला 'आई म्हणते' असं म्हणायचा, 'म्हणतात' असं कधीच नाही; पण तिचं लक्ष वाडग्यात होतं. "थांब जरा," ती म्हणाली. "हे ओतून होऊ दे, घट्ट होईल."

"बरं," तो म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.

आपण काय बोललो ते तिच्या कानांपर्यंत जरा उशिराच पोचलं. आणि पोचलं त्याच क्षणी अंगणात इंजिन सुरू झालं. ती इतक्या झटक्याने उठली की टेबल हललं, वाडगा कलंडला, तो तिने आत हात घालून कसाबसा सावरला आणि आहे तशी, कामाच्या कपड्यांत, घरातून पळत सुटली. म्हाताऱ्या गृहस्थांचे दात खड्ड्यात गेले. या माणसाला एकट्याने जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. तो कुठे जातो आणि तिथून परतीचा रस्ता आहे की नाही, हे तिला विचारायचंच नव्हतं.

फाटक उघडं होतं. सासूबाई ते धरून उभ्या होत्या. गाडी सावकाश बाहेर पडत होती, आणि सूनबाई जवळून धावत गेली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही; त्या गाडीकडेच बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा लख्ख, तरुण, आणि थोडासा रागावलेला होता.

"आई, जाऊन येते!"

"जा," सासूबाई म्हणाल्या. "घरचं मी बघते."

तिने बाहेरून दार उघडलं. आधी बूड टेकवलं, मग पाय आत ओढले, आणि पहिल्यांदाच ते तिला एका दमात जमलं. पायाखाली तापत होतं. तिने पाय उचलून दुसऱ्या पायावर ठेवला. नवऱ्याने तिच्याकडे बघून स्मित केलं, आणि ते इतकं मायेचं होतं की तिचा धपापणारा ऊर शांत झाला.

"येऊ ना आपण परत?" तिने विचारलं.

"येतोच की," तो म्हणाला.

छोट्या गोल आरशात फाटक मागे पडत गेलं. सासूबाईंची काठी खाली पडली होती. त्या काठीशिवाय, सरळ, एकट्याच उभ्या होत्या. आणि त्यांचा एक हात खाली, मांडीच्या बाजूला, मूठ वळून घट्ट धरलेला होता, आणि अधूनमधून त्याला पुढे हिसका बसत होता, कोणीतरी सुटून धावायला बघत असावं तसा.

वळण आलं. गाडी हळू झाली. सासूबाईंनी काळजी करू नये म्हणून, मागे वळून न पाहता, सूनबाईने बाहेरच्या बाजूचा हात वर काढला आणि त्यांना दिसेल असा हलवला. मनगटापर्यंत पांढराशुभ्र झालेला तो हात गार वाऱ्यातही गरम लागत होता, कारण त्याच्यावरचं प्लास्टर आता घट्ट होऊ लागलं होतं.